पापलेट विरुद्ध बांगडा

आमच्या घरात विमानात बसलेलं कोणी नव्हतं. बाबा मुंबईला जायचे ते टेम्पोनं, आई माहेरी जायची ती एसटीनं, आणि आजोबा जे गेले ते एकदाच, चौघांच्या खांद्यावरून. आकाशातलं विमान म्हणजे मुंबईकडे सरकणारा एक पांढरा ठिपका, एवढाच आमचा आणि त्याचा संबंध. तरीही रेवदंड्याच्या अलीकडे, खारीच्या शेतांना लागून असलेल्या आमच्या त्या कौलारू घरात रोज संध्याकाळी कुठल्या देशानं कोणतं लढाऊ विमान घ्यावं, कोणतं मोडीत काढावं आणि कुठल्या सेनापतीला काहीच कळत नाही, याचे निर्णय होत असत. निर्णय घेणाऱ्यांना अधूनमधून चहा लागे. तो मी करायची. त्यामुळे जगातल्या बऱ्याच हवाई दलांची धोरणं आमच्या घरच्या आल्याच्या चहावर ठरलेली आहेत, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

या सगळ्याचं मूळ माझा दादा, रमाकांत. दादा अलिबागला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. क्लासवाल्यांनी जुनी यंत्रं बदलली तेव्हा त्यातलं एक त्यानं घरी आणलं आणि बाबांना सांगितलं की आता घरबसल्या टायपिंगची कामं मिळतील. एकही काम मिळालं नाही, कारण ते यंत्र सदोदित हवेत असायचं. त्याचा मित्र इक्बाल रेवदंड्याचा. इक्बालच्या भावानं दुबईहून जॉयस्टिक पाठवली, म्हणजे विमान चालवायचा दांडा. आईनं तो उलटसुलट करून बघितला, काही उलगडा झाला नाही, पण दसऱ्याला कोयता, टेम्पोचं चाक आणि तो दांडा अशी तिन्हींची पूजा केली. त्यावरचा हळदीचा डाग नंतर कधीच निघाला नाही. तिसरे गुरव सर, शाळेतून रिटायर झालेले. कोणतं क्षेपणास्त्र किती लांब जातं हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. स्वतः मात्र एसटी कार्लेखिंडीच्या वळणांवर आली की खिडकीतून डोकं बाहेर काढून बसायचे, आणि मागच्या खिडकीतले प्रवासी काचा ओढून घ्यायचे.

हे तिघे कॉम्प्युटरवर जितका वेळ उडत त्याच्या चौपट वेळ बोलत. बोलणं हातांनी चाले. उजवा पंजा एक विमान, डावा दुसरं, आणि दोन्ही एकमेकांच्या मागे लागून खोलीभर फिरत. जेवायच्या वेळेला हात गुंतलेले असत, म्हणून मग ताटातला माल उपयोगात येई. मिराज विमानाचे पंख त्रिकोणी, म्हणून मिराज म्हणजे पापलेट. मिग लांबुडका, म्हणून मिग म्हणजे बांगडा. क्षेपणास्त्रांना सुके बोंबील. आई तव्यापाशी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची आणि पाठ न वळवता ओरडायची, "रम्या, पापलेट खाली ठेव! तो उडवाला आनला न्हाय, खावाला आनलाय!" माजघरातून इंजिनाची घरघर, परसात भाताच्या गिरणीची घरघर, त्यात विहिरीवरचा पंप बंद. पंप दीड महिना बंद होता. बाबांनी विचारलं की दादा त्यांना जेट इंजिनात जास्तीचं इंधन कुठे आणि कसं पेटवतात ते समजावून सांगायचा. बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग बादली उचलून विहिरीकडे जायचे.

दादा मिगवाला होता. हे मी शाकाहारी, वारकरी वगैरे म्हणावं तशा अर्थानं म्हणते आहे. मिग जुना झाला असेल, पण चालवणारा शहाणा असेल तर तो कोणालाही लोळवतो, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याच्या घरी तो महिना-महिना जात नसे. इक्बाल कधी मिगच्या तर कधी सुखोईच्या बाजूनं बोलायचा. भाऊ दुबईला असल्यामुळे त्याला एकनिष्ठेची गरज वाटत नसावी. आज माझ्या भाच्याच्या पिढीची पोरं मोबाइलवर रात्रंदिवस याच विषयावर एकमेकांची आई-बहीण काढतात, ते बघते तेव्हा मला आमचं माजघर फार सुसंस्कृत वाटू लागतं. तिथे भांडण झालं तरी समोरचा माणूस चहा संपवूनच उठायचा.

मग दादाचं लग्न ठरायला आलं. थळची वनिता. ती क्लासला शिकायला यायची, दादानं तिला टायपिंग शिकवलं आणि बहुधा बाकीचंही काही, कारण स्थळ आलं तेव्हा दोघांनी एकमेकांना प्रथमच बघितल्याचा जो अभिनय केला, तो अगदीच कच्चा होता. मला वनिता पहिल्या दिवसापासून आवडली. ती हसताना तोंडावर हात धरत नसे. तिचे वडील ती लहान असताना समुद्रावर गेले ते परतले नाहीत. तिला आणि तिच्या आईला सांभाळलं ते मामानं. जनार्दनमामा. थळच्या बंदराजवळ त्याचं दोरखंड, जाळी आणि बोयांचं दुकान होतं. लग्न केलं नव्हतं. भाचीचं करून मोकळं व्हायचं, हे एकच त्याच्या डोक्यात होतं, असं आम्ही समजत होतो.

बोलणी करायला मामा, वनिता आणि तिची आई आमच्याकडे आली. आईनं जीव ओतून जेवण केलं होतं. वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण, तळलेलं पापलेट, बांगड्याचं तिखलं, पांढऱ्या कांद्याची कोशिंबीर. पंगत बसली. मामा उंच, दणकट, पांढराशुभ्र शर्ट घातलेला, बोलायला अगदी गोड. त्यानं घर बघितलं, शेत बघितलं, बाबांना टेम्पोचं विचारलं. सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात त्याची नजर माजघरातल्या टेबलाकडे गेली आणि त्याचा चेहरा एकदम फुलला.

"जॉयस्टिक! तुमी पन इमान उरवता?"

आईनं मला कोपरानं ढोसलं. तिला वाटलं, देव पावला. दादाचाही घास हातातच राहिला. मामाच्या दुकानात हिशेबाला घेतलेला कॉम्प्युटर होता, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा त्यावर विमान उडवायचा. दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले की वनितानं दादाकडे कधी तसं बघितलं नसेल. एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"कंचा?" मामानं विचारलं.

"मिग," दादा म्हणाला.

मामा हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं. "मिराजसमोर मिग?" तो म्हणाला. "अरं, म्हाताऱ्याला पलवाला लावतंस कनाला?"

त्यानंतरचं सगळं पंगतीतच झालं. दादानं सांगितलं की मिराज जोरात वळला की त्याचा वेग मरतो. मामानं सांगितलं की वेग मरायच्या आत मिगच मेलेला असतो. दादानं पानातला बांगडा उचलला. मामानं पापलेट उचललं. पापलेट डावीकडून वर चढलं, बांगडा खालून त्याच्या मागे लागला, वनिताची आई मान इकडून तिकडे फिरवत बघत राहिली, आणि एका निर्णायक वळणावर तिखल्यात बुडालेल्या बांगड्याचा सगळा रस्सा मामाच्या पांढऱ्या शर्टावर उतरला. मामा रश्श्यावर चिडला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. त्यानं रुमालानं शर्ट पुसला. पण दादा तेवढ्यात म्हणाला, "बघा, लागला!" तेव्हा मामा पानावरून उठला.

"ज्याला मिराज आनि मिग यातलं कलत न्हाय," तो बाबांना म्हणाला, "त्याला माझ्या पोरीतलं काय कलनार?"

स्थळं हुंड्यावरून मोडलेली मी ऐकली होती, पत्रिकेवरून, मानपानावरून, एकदा तर नवऱ्यानं वरण दुसऱ्यांदा मागितलं नाही यावरून. विमानावरून मोडलेलं हे आमच्या तालुक्यातलं पहिलंच. आई रडली. बाबांनी जाऊन पंप दुरुस्त केला, स्वतः, अर्ध्या तासात. दादा दोन दिवस जेवला नाही. पण त्या दोन दिवसांतही मी त्याला विचारलं, की अरे दादा, म्हणून टाक ना मिराज चांगला म्हणून, त्यात तुझ्या बापाचं काय जातं? तर पडल्या पडल्या म्हणाला, "बेबी, खोटं कसं बोलू?" वनिताशिवाय त्याला जगायचं नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावरून दिसत होतं. आणि तरी खोटं कसं बोलू. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम.

शेवटी वनिताच्या आईनं मार्ग काढला आणि बाबांनी तो उचलून धरला. प्रकरण गावकीत न्यायचं. आमच्याकडे बांधाचं भांडण, विहिरीचं, होडीच्या वाट्याचं, सगळं आधी गावकीसमोर जातं. पंच देवळात बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि जे ठरेल ते दोघांनी मानायचं. आमच्या गावचे मुख्य पंच बुधाजीबाबा. त्यांनी दोन्ही बाजू तब्येतीत ऐकल्या. मिगचं इंजिन केवढं, मिराजला माणसं किती बसतात, डिझेल लागतं की रॉकेल, सगळं विचारलं. गुरव सरांनी साक्षीदार म्हणून क्षेपणास्त्रांचे पल्ले सांगायला सुरुवात केली तेव्हा बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"दोन गडी बोलतात माझी बैलजोरी भारी, माझी बैलजोरी भारी," बुधाजीबाबा म्हणाले. "तवा आपुन काय करतो? शर्यत लावतो. ही इमानं हाकून दाखवा. जो हरंल त्यानं या विषयावर मरंपातुर तोंड उघराचं न्हाय."

गावकीचा नेहमीचा पैशांचा दंड त्या दोघांना परवडला असता. हा दंड ऐकून दोघंही पांढरे पडले. मामानं मात्र मान डोलावली आणि सगळ्यांदेखत आपली अट सांगितली. मी हरलो तर गप्प बसेन, पण मग मुलीच्या मागे मामा म्हणून उभा राहणार नाही. कुणाला उभं करायचं ते करा. वनिता खाली मान घालून बसली होती. देवळातून निघताना तिनं मला गाठलं. "बेबी, मामा उभा न्हाय राहिला तर मी बोहल्यावर चरनार न्हाय," ती म्हणाली. "बाप आठवत न्हाय मना. मामाच आठवतो." ते मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. आईनं तर सरळच सांगितलं, "हर." दादानं जॉयस्टिक पुसली.

शर्यतीच्या दिवशी क्लासमधले दोन कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून बाबांच्या टेम्पोतून आले. देवळाच्या मंडपात दोन टेबलं समोरासमोर मांडली, वायर जोडली. दोन्हींना वीज देणारा यूपीएस जमिनीवर ठेवून त्याच्याजवळ मला बसवलं. दिवा हिरवा आहे तोवर ठीक, लाल झाला आणि कुईं कुईं करायला लागला तर ओरडायचं, एवढं माझं काम. अर्धं गाव जमलं होतं, थळहून एक टेम्पो भरून माणसं आली होती, आणि भज्यांची गाडी कुणीही न बोलावता आली होती. लढाई सुरू झाली आणि वीज गेली. यूपीएस केकाटायला लागला. शर्यत म्हणून वाजवायला आलेल्या बेंजोवाल्यानं आपला जनरेटर लावला, दिवा हिरवा झाला, यूपीएस गप्प बसला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं एक फेरी झाली.

खरं सांगायचं तर बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. इतकी वर्षं जगाला युद्धशास्त्र शिकवणाऱ्या या दोघांना प्रत्यक्षात एकमेकांची विमानं सापडेनात. दादा समुद्रावर फिरत होता, मामा डोंगरावर. "ढगान काय करताव? खाली या!" असं कुणीतरी ओरडलं. म्हाताऱ्या बायका विचारायला लागल्या की यात बैल कुठं आहेत. बुधाजीबाबा शर्यतीत निशाण दाखवायचं पांढरं फडकं मांडीवर ठेवून डुलक्या काढत होते. आणि मग, कसं कोण जाणे, दादाला मामा सापडला. मी खालून बघत होते. मिग मिराजच्या बरोब्बर मागे आला. दादाचा खांदा ताठ झाला. पडद्यावरच्या विमानाभोवती एक गोल उमटला, आणि मामाच्या टेबलावरून आवाज यायला लागला. टीं टीं टीं टीं. शत्रूनं आपल्याला पक्कं नेमात धरलं की वैमानिकाला कळावं म्हणून होणारा आवाज. दादाचं बोट लाल बटणावर होतं. आयुष्यभर ज्यासाठी भांडला ते सगळं त्या एका बोटाखाली होतं.

"ए बेबी, लाईट गेली काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी यूपीएसकडे बघितलं. दिवा हिरवा होता. माझा हात त्याच्यावरच होता, तो थंड आणि गप्प होता. मी वर दादाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यानं बोट बटणावरून उचललं, दांडा अलगद बाजूला घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "कुठं गेला हो मामा? मना दिसतच न्हाय!" टीं टीं थांबलं. मामा पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपलं विमान वळवलं आणि जमिनीवर उतरवलं. जरा वेळानं दादानंही उतरवलं, वाकडं, पण उतरवलं.

बुधाजीबाबांना उठवलं. त्यांनी दोन्ही पडदे बघितले. "दोगं पन जित्तं हायत," ते म्हणाले. "बरोबरी. जा, लगीन करा."

लग्न आमच्या अंगणात झालं. हळदीला धवलारिणीनं गाणी म्हणताना नवरदेवाच्या विमानाचं एक कडवं घुसडलं, ते थळवाल्यांना मुळीच आवडलं नाही. मुहूर्ताला अंतरपाट धरला. पलीकडे वनिता, तिच्या मागे मामा, नवीन पांढऱ्या शर्टात. दादाच्या मागे मी करवली म्हणून कलश घेऊन उभी. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, माइक शिट्टी मारत होता. तेवढ्यात मामा अंतरपाटावरून पुढे झुकला. उंचच होता. दादाला हळूच म्हणाला, "रमाकांत. त्या दिशी तो आवाज कसला होता रं?"

दादानं माझ्याकडे बघितलंही नाही. "यूपीएसचा, मामा."

मामा त्याच्याकडे बघत राहिला. मग मूठभर अक्षता त्यानं दादाच्या डोक्यावर अशा टाकल्या की भटजी दचकले. अजून "सावधान" व्हायचं होतं.

पुढे मामा दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. बरोबरी झाल्यामुळे दोघांनाही बोलायची मोकळीक होती आणि दोघांनी ती पुरेपूर वापरली. पापलेट आणि बांगडा वर्षानुवर्षं उडत राहिले. वनितावहिनीनं मामाच्या पानाखाली जुना टॉवेल अंथरायची पद्धत पाडली. मिराज चांगला, असं दादानं एकदाही म्हटलं नाही. मिग चांगला, असं मामानंही नाही. आणि त्या आवाजाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी वहिनीलाही सांगितलं नाही. तिला ठाऊक असावं, असं मला कधीकधी वाटतं.

गेल्या पावसाळ्यात मामाला अलिबागला हॉस्पिटलात ठेवलं. वय झालं होतं, हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. दुपारची वेळ, खोलीत वहिनी, दादा आणि मी. मामाच्या छातीला वायरी लावल्या होत्या आणि उशाशी यंत्र होतं. मामा बराच वेळ डोळे मिटून पडला होता. एकाएकी यंत्र वाजायला लागलं. टीं टीं टीं टीं. नर्स धावत आली, काहीतरी दाबलं, पण ते थांबेना. मामानं डोळे उघडले. खोलीभर नजर फिरवली आणि दादावर आणून थांबवली.

"रमाकांत," तो म्हणाला, "कोनी नेमात धरलाय रं मना?"

दादा खाटेवर बसला. त्यानं मामाचा हात आपल्या हातात घेतला. "कोनी न्हाय, मामा," तो म्हणाला. "यूपीएस हाय."

मामाच्या तोंडावर ते जुनं हसू आलं, ज्याच्यावरून लग्न मोडलं होतं. "त्या दिशी वाचलो," तो म्हणाला, "मिराज होता म्हनून."

वहिनी तोंडात पदर कोंबून उभी होती. मी दादाकडे बघत होते. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर त्यानं माघार घेतली नव्हती, ती त्याच्या ओठांवर येऊन थांबली. मग त्यानं मान डोलावली.

"व्हय, मामा," दादा म्हणाला. "मिराज होता म्हनून."